ताई म्हणणारा आवाज

सोमवार

चि. ठोंब्यास,

आशीर्वाद आधी घे, कारण पुढे शिव्याच आहेत. टपालातून स्टीलची पट्टी पाठवतोस आणि सोबत चिठ्ठी काय, तर लपव, कुणाला दाखवू नकोस, फोटो काढू नकोस. बास! का, कशाला, काही नाही. मी काय तुझी तिजोरी आहे? पट्टीवर बारा इंग्रजी शब्द ठोकलेत. मला अक्षरं ओळखता येतात, अर्थ लागत नाही. आणि ठोकलेत तरी किती तिरके! बाबांनी पाहिलं असतं तर हातातली हातोडी काढून घेतली असती.

बाबांचं कुलपांचं दुकान विकलं आणि तो पैसा तू कॉम्प्युटरवरच्या त्या हवेतल्या नाण्यांत घातलास, तेव्हा मी गप्प बसले. पण त्यात आईचं म्हातारपण आहे, हे विसरू नकोस. आता लोक म्हणतात, ही नाणी बसल्या जागी चोरीला जातात. मी जिन्याखालच्या खोपटात बसून अख्ख्या गल्लीला चाव्या करून देते, आणि आपलाच पैसा कुठल्या कुलपात आहे ते मला ठाऊक नाही! समजेल असं लिही.

आईचा गुडघा बरा आहे. खिडकीत बसून माझ्या गिऱ्हाइकांना नावं ठेवते.

लोभ आहे, पण तो गृहीत धरू नकोस.

तुझी ताई

शुक्रवार

जमादारीणबाईंच्या पायाशी साष्टांग दंडवत.

पत्र वाचताना कान गरम झाले. आता ऐक. पैसा माझ्या मोबाईलमध्ये नाहीच. जगभरच्या हजारो कॉम्प्युटरांवर एकच हिशेब लिहिलेला आहे, त्यात तो आहे. बघायचा तर कुणीही बघावा, पण चावीशिवाय हलवता येत नाही. चावी माझ्याकडच्या एका चिमुकल्या यंत्रात आहे, आणि ते यंत्र इंटरनेटला कधी तोंड दाखवत नाही. ते मोडलं किंवा हरवलं तर तुझ्याकडचे बारा शब्द हीच डुप्लिकेट चावी. बाबांच्या दुकानातली चाव्यांची भिंत आठव. तशा भिंती सगळ्या पृथ्वीवर उभ्या केल्या आणि एकेक चावी लावून पाहिली, तरी आपली सापडायची नाही. मी रोज याच कामात असतो, तरी विचार करू लागलो की अंगावर काटा येतो.

म्हणून चोर कुलपाच्या वाटेला जात नाही, माणसाच्या वाटेला जातो. कुणीतरी मोबाईल कंपनीच्या दुकानदाराला बनवून माझ्या नंबरचं सिमकार्ड स्वतःसाठी काढून घेतलंय. त्या नंबरवर फोन करू नकोस, उचलणारा मी नसेन. पट्टी बहिणीकडे ठेवणार, असा निरोप मी त्याच नंबरवरून एका मित्राला पाठवला होता, तोही चोराच्या हाती लागला असणार. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय. नवा नंबर तुला पत्रानंच कळवीन. शब्द कुणालाही सांगू नकोस. मी मागितले तरी सांगू नकोस.

आईला नमस्कार. रागासकट लोभ चालू दे.

तुझा ठोंब्या

बुधवार

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ हातातली कानस हातातच राहिली. हरवलेल्या चावीचं कुलूप मी कितीदा उघडलंय. पण ज्यापुढे चावीवाल्यानं हात टेकावेत असं कुलूप जगात आहे, आणि त्याची चावी माझ्या पिठाच्या डब्यात! डब्याला हात लावताना मला देवळात शिरल्यासारखं व्हायला लागलं.

आणि काल दुपारी फोन आला. नंबर अनोळखी, आवाज तुझा. तुझ्यासारखाच बोलता बोलता नाक ओढणारा. म्हणाला, यंत्र पाण्यात पडलं, चोरांनी पैसा काढायला सुरुवात केलीय, अक्षर अक्षर लावून शब्द सांग, नाहीतर सगळं जाईल. मी गिऱ्हाइकाला तसंच सोडून धावले. पिठातून पट्टी काढली, पदरानं पुसली. पहिलं अक्षर ओठांवर आलं होतं, आणि तुझं पत्र आठवलं. तूच नको म्हणालास, असं मी सांगितलं. तर तो रडायला लागला. म्हणाला, ताई, अगं मीच आहे ना.

ताई! मिसरूड फुटल्यापासून तू मला ताई म्हटलेलं नाहीस. जमादारीण म्हणतोस, हवालदार म्हणतोस. मी म्हटलं, सापडलास चोरा, आणि फोन आपटला.

मग मात्र आठवलं. लहानपणी गच्चीवरच्या टाकीत अडकला होतास, तेव्हा ताई, ताई म्हणूनच ओरडत होतास. घाबरलास की तू ताईच म्हणतोस. मग कालचा तो चोर होता की तू? पृथ्वीभरच्या चाव्यांनी उघडत नाही ते कुलूप एका हाकेनं उघडत आलं होतं रे! आवाज असा उचलता येतो? आपल्या माणसाचं रडणं चोरता येतं?

चोर असेल तर पोटभर हस मला. तू असशील, तर आईचं म्हातारपण मी बुडवलं आणि रडत्या भावाच्या कानावर फोन आपटला. आईला काही बोललेले नाही. तिला एकटी टाकून येताही येत नाही. पट्टी कमरेला बांधून फिरतेय, रात्रीसुद्धा सोडत नाही.

फोन करू नकोस. तुझ्या आवाजावर माझा भरवसा उरला नाही. त्या पट्टीवर आहे तसल्या तिरक्या अक्षरात लिही, तो तू होतास की नव्हतास. एका ओळीत लिही, पण सोमवारच्या टपालात मला उत्तर पाहिजे.

तुझी
ताई