पर्सवाली पंधरा नंबर

तीर्थरूप मावशीस,

जे हात चार दिवस माझा फोन उचलत नाहीत तेवढे सोडून बाकी सगळ्या मावशीला साष्टांग नमस्कार. पायांना जरा जास्तच, कारण ते पाय परदेशातल्या मैदानात देशासाठी उभे राहून आले आहेत हे मला गेल्या आठवड्यापर्यंत ठाऊक नव्हतं. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे सगळं ठीक. आईची कंबर अधूनमधून बोलते आणि आई सतत बोलते, म्हणजे दोघी बऱ्या आहेत. (आईला अजून यातलं काही माहीत नाही. त्यावर नंतर येते.)

"माझं नाव भिंतीवरून काढ," एवढं म्हणून तू फोन ठेवलास. काढायचं की ठेवायचं ते शनिवारच्या आत ठरायला हवं, कारण शनिवारी दालन उघडतंय. तुझी इच्छा नसेल तर मी काढीन, मावशी. पण मी जे काढणार आहे ते मला कुठून आणि कसं मिळालं हे तुला सांगितल्याशिवाय माझ्याने खरवडणी हातात धरवणार नाही. तेव्हा चहा करून घे आणि बस.

तुला माहीत आहेच, मी संग्रहालयांत वस्तूंखालचा मजकूर लिहून देते. आतापर्यंत घड्याळं झाली, मीठ झालं, कुलपं झाली. या वेळी फुटबॉल संघटनेने बोलावलं. त्यांच्या इमारतीत खालच्या मजल्यावर पुरुषांच्या संघाचं दालन आहे, काचेची कपाटं, वरून दिवे, आत चषक. महिलांच्या राष्ट्रीय संघाने यंदा मोठ्या स्पर्धेची पात्रता मिळवली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की यांनाही एखादी खोली हवी. मग वरच्या मजल्यावरची, जिथे फाटक्या जाळ्या आणि मैदानाच्या कोपऱ्यांत रोवायची निशाणं ठेवत, ती खोली रिकामी केली. त्या खोलीत एक बेसिन आहे. ते काढलं तर खालच्या चषकांवर पाणी गळेल असं नळवाल्याने सांगितल्यामुळे ते तिथेच राहिलं. सचिव म्हणाले, पडदा लावा. पडदा लावला, तर येणारा प्रत्येक जण आधी पडदाच उचलून बघतो, कारण झाकलेलं आहे म्हणजे तेच महत्त्वाचं असणार. शेवटी पडदा काढला. आता पहिली स्पर्धा आणि पहिला विजय यांच्या मधोमध बेसिन आहे आणि लोक इतिहास बघताबघता हात धुतात.

इतिहास मात्र मी मन लावून वाचला. तुला खरं सांगू, मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण वर्षं, स्पर्धा, कोणाविरुद्ध किती, असं एकाखाली एक मांडायला घेतलं आणि मला नादच लागला. पहिली निमंत्रितांची स्पर्धा. त्यानंतर कितीतरी वर्षं नुसती रेघ. रेघ म्हणजे हरल्या नव्हेत, संघ पाठवलाच नाही. मग विभागीय चषक, त्यात चौदा गोलांनी हार. मग पुन्हा रेघ. मग बरोबरी, हार, हार, आणि एके वर्षी अचानक पहिला विजय. मी त्या रेघांपाशीच अडकले. हरलेल्या सामन्याचं काहीतरी लिहिता येतं, रेघेखाली काय लिहायचं? त्या वर्षांत या मुली कुठे होत्या, सकाळी उठून धावत होत्या की डबे भरत होत्या, हे मला कुणी सांगेना. (सचिव म्हणाले, "रेघ छोटी काढा, जागा वाचेल.")

तर हल्लीच्या संघाच्या मुली एका दुपारी दालन बघायला आल्या. बघून झालं, बेसिनवर हसून झालं, आणि निघायच्या आधी त्यांनी मैदानात उतरताना करतात तसं गोल करून मोजलं. एक म्हणते एक आणि हात वर करते, दुसरी दोन, अशा अकरापर्यंत गेल्या आणि मग सगळ्या मिळून ओरडल्या, "ताई!" मी दचकले. विचारलं, ताई कोण? एकमेकींकडे बघायला लागल्या. गोलरक्षक म्हणाली, "कुणी नाही, असंच म्हणतात." का म्हणतात? "आमच्या आधीच्या म्हणायच्या." आणि त्यांच्या आधीच्या? "त्यासुद्धा." न म्हणता उतरलात तर? यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला अनवाणी खेळ म्हटलं होतं.

मला तू ओळखतेस. दार किलकिलं दिसलं की मी आत डोकावणारच. मी मागे मागे विचारत गेले. प्रशिक्षिकेला विचारलं, तिने तिच्या प्रशिक्षिकेचं नाव सांगितलं, तिने तिच्या, आणि तो धागा जाऊन पोचला पहिल्या संघाच्या कप्तानाच्या दारात. ती दातांची डॉक्टर आहे. मी वेळ घेऊन गेले, पण तिच्या मदतनिसाला वाटलं दाढ दुखतेय, त्यामुळे कप्तान आली तेव्हा मी खुर्चीत आडवी, तोंड उघडं, आणि प्रश्न घशात. तिने माझ्या दोन दाढा तपासून मगच मला बोलू दिलं. (एक भरायला हवी आहे.) मी विचारलं, ताई कोण? ती हातमोजे काढून मला बाहेरच्या खोलीत घेऊन गेली. तिथे भिंतीवर, सुजल्या गालांचे लोक बसतात त्यांच्या डोक्यावर, पहिल्या संघाचा फोटो होता. मागच्या रांगेत टोकाला, इतर सगळ्यांसारखाच सदरा घातलेली, कोपरात पर्स अडकवलेली, कॅमेऱ्याकडे न बघता मुलींकडे बघणारी तू.

मी मटकन खाली बसले. शेजारचे गाल सुजलेले गृहस्थ म्हणाले, "फार दुखतंय का?"

मग तिने सगळं सांगितलं. मुलींच्या घरच्यांनी अट घातली होती, सोबत कुणी मोठी बाई असेल तरच पाठवू. निमंत्रण पंधरा खेळाडूंचं, सोबतीणीला जागाच नाही. म्हणून चौदा खेळाडू घेतल्या आणि पंधरावं नाव शाळेतल्या शिवणाच्या बाईंचं टाकलं. तुझा फुटबॉलशी संबंध एवढाच की त्यापायी फाटलेले कपडे तुझ्याकडे शिवायला यायचे. सदऱ्यांवरचे आकडे तूच शिवलेस, स्वतःचा पंधरासुद्धा. आणि घरी काय सांगितलंस? शिवणाच्या परीक्षेला परीक्षक म्हणून चाललेय. (आई आजही सांगते, "धाकटी परीक्षा घ्यायला गेली आणि शेतात राबल्यासारखी रापून आली. परीक्षा उन्हात घेतात की काय!") आईने स्वतःची नवी बॅगही दिली होती म्हणे तुला.

जितक्या नेतेस तितक्या परत आण, असं तुझ्याकडून घरोघरी कबूल करून घेतलेलं. म्हणून तू बसमध्ये मोजायचीस, जेवताना मोजायचीस, लिफ्टमध्ये शिरताना आणि निघताना मोजायचीस. बोट दाखवून तू आकडा म्हणणार, ज्या मुलीचा तो आकडा तिने हात वर करायचा. चौदा झाले की मुलीच ओरडायच्या, "ताई!" कारण तू स्वतःला मोजायला विसरायचीस.

पहिला सामना नऊ गोलांनी हरलात. (तुमच्या गोलरक्षकाला तुम्ही 'खिडकी' म्हणायचात, हे मला कप्तानाने सांगितलं. खिडकीचं म्हणणं आजही तेच आहे, "दहावा मी अडवला, ते कुणी लिहीत नाही." मी लिहिलंय.) दुसरा सहा गोलांनी. तोवर एकीचा घोटा गेला, एकीचा गुडघा आणि दोघींना गालगुंड. तिसऱ्या सामन्याला धडधाकट उरल्या दहा. प्रशिक्षक तुझ्याकडे आले. तुमचं बोलणं कप्तानाला पाठ आहे.

"ताई, तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

"चेंडू आला तर?"

"जाऊ द्या."

"आणि मुली?"

"त्यांच्यावर लक्ष ठेवा."

मग तू तेच केलंस. पर्समध्ये सगळ्यांचे पासपोर्ट, म्हणून पर्स सोडेनास. रेफ्रीने ती घ्यायला हात पुढे केला तेव्हा तू त्याच्याकडे पावती मागितलीस. शेवटी ती पर्स गालगुंडवालीच्या मांडीवर गेली आणि खेळ सुरू झाला. चेंडू तुझ्या पुढून जातोय, मागून जातोय, तुझं चित्त मुलींवर. "सात!" की सात नंबरची पळता पळता हात वर करणार. "चार!" की चार नंबरची. समोरच्या संघाला वाटलं, ही बाई जागची हलत नाही, बोटं दाखवते, आकडे बोलते आणि हिच्या प्रत्येक आकड्यावर कुणीतरी इशारा करतं, म्हणजे सगळा डाव हीच चालवतेय! त्यांनी त्यांच्या दोन पट्टीच्या बचावपटू तुझ्या अंगावर सोडल्या. कप्तान म्हणते, तू त्यातल्या एकीच्या बुटाकडे बोट दाखवलंस, शाळेत दाखवतात तसं, भुवया वर करून. ती बिचारी गुडघ्यावर बसून लेस बांधायला लागली. दुसरी काय झालं म्हणून वाकून बघायला लागली. तेवढ्यात उजवीकडून तुमच्या 'टपाल'ने (चेंडू बरोबर पत्त्यावर पोचवायची म्हणून टपाल) चेंडू टाकला, कप्तानाने लाथ घातली, आणि गोल. देशाच्या महिला संघाचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल. उत्तरार्धात त्यांनी फेडला आणि सामना एक-एक सुटला. पहिला गुण. पुढच्या सगळ्या रेघा ओलांडून मुलींनी 'ताई' म्हणत ज्याची आठवण ठेवली, तो.

मी येऊन रंगाऱ्याकडून भिंतीवर पंधरावं नाव लिहवून घेतलं. सचिव आले. म्हणाले, चेंडूला पाय न लावलेली बाई खेळाडू कशी? खाली बारीक अक्षरात 'सोबतीण' लिहा. मी कप्तानाला फोन लावून त्यांच्या हातात दिला. तिकडून काय आलं ते मला अर्धंच ऐकू आलं, "मग खालच्या दालनातले निम्मे फोटो उतरवा," एवढं. सचिवांची एक दाढ सध्या तिच्याकडे अर्धवट कोरलेली आहे, त्यामुळे वाद वाढला नाही.

आणि त्या आनंदात मी तुला फोन केला, आणि तू म्हणालीस, काढ.

मावशी, मी रागावले नाही. पण चार दिवस मला दुसरं काही सुचत नाही. तू मला बटणं लावायला शिकवलंस, मी पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा तुझ्याकडे राहिले, आपण दोघी किती गप्पा मारल्या! आणि या सगळ्यात हे एकदाही तुझ्या तोंडून निसटलं नाही? विसरलीस म्हणावं तर शक्य नाही. लाज वाटली का? की ती एवढी तुझी स्वतःची गोष्ट होती की कुणाला दिली तर कमी होईल असं वाटलं? मलाही अशा एक-दोन गोष्टी आहेत, म्हणून विचारतेय. मैदानाच्या मधोमध उभं राहून कसं वाटतं? गवताचा वास येतो का? लोक ओरडतात ते शब्द कळतात की नुसता आवाज? सदऱ्याखाली तू काय घातलं होतंस? (कप्तान म्हणते, ते ताईलाच विचार.) आणि मुख्य म्हणजे त्या मुलीची लेस खरंच सुटली होती का? तुझ्या मुलींना हे इतक्या वर्षांत कळलेलं नाही. खिडकी म्हणते सुटली होती, टपाल म्हणते छे, ताईने बनवलं. शिवणाच्या बाई असं करतील असं मला वाटत नाही, आणि तूच ती बाई, म्हणून वाटतंही.

नाव तुझं आहे, निर्णय तुझा. कळव. तब्येतीला जप.

तुझी भाची

ता. क. निर्णय तुझा वगैरे वर लिहिलंय ते मनापासून, पण पत्राचं खरं कारण वेगळंच आहे. मला काही कळायच्या आधीच मी आईला शनिवारचं निमंत्रण देऊन बसले. ती नवा चष्मा लावून येणार आणि भिंतीवरची अक्षरं मोठी आहेत. तू फोन का ठेवलास हे माझ्या लक्षात आलंय, मावशी. सचिवांना घाबरणारी तू नव्हेस. आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली, आता तू फक्त तुझ्या अक्काला घाबरतेस. तेव्हा एवढंच कर, शनिवारच्या आत तिला तूच सांग. मी सांगणार नाही. मला तिच्याबरोबर एका घरात राहायचं आहे.

ता. क. दुसरा. मी पाकीट आणायला आत गेले होते. पत्र टेबलावर उघडं राहिलं. पुढचं अक्षर माझं नाही.

धाकटे, मी लिहितेय. तुझ्या भाचीचं पत्र लांबलचक आहे, पण वाचलं सगळं. बाबांशी खोटं बोललीस त्याचं मला काही नाही, त्यांच्याशी आपण सगळ्याच खोटं बोलायचो. पण ते गेल्यावर? एवढ्या वेळा आपण दोघी एका खोलीत झोपलो, सगळ्या गावाची उणीदुणी काढली, आणि हे तेवढं गिळून बसलीस! मी ओरडले असते, हे खरं. दोन दिवस बोलले नसते. तिसऱ्या दिवशी विचारलंच असतं की सांग, काय काय बघितलंस. माझी बॅग परदेश बघून आली आणि मी या घरातून त्या घरात, एवढाच माझा प्रवास. म्हणजे इतकी वर्षं मला विचारायचं होतं आणि काय विचारायचं तेच तू कळू दिलं नाहीस.

शुक्रवारी संध्याकाळीच ये. जेवायला थांबते. नाव मी काढू देणार नाही, तुझ्या भाचीला फोन लावायला सांगून रंगाऱ्याला तसं बजावलंय. तुला काढायचंच असेल तर माझ्यासमोर उभी राहून स्वतःच्या हाताने काढ. त्यासाठी तरी ये.

तुझी अक्का