आली होती की नव्हती

४ जाने., रवि.
साहित्य मंडळाने परिचय मागितला होता. 'व्यवसाय आणि छंद, पाच ओळी.' चार वेळा लिहिला. क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.फिल., दोन वर्षं इंदूरला इस्पितळात प्रशिक्षण, दीड वर्षापासून बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यात दवाखाना, कथा लिहिते. शेवटची ओळ 'कथा काल्पनिक असतात.' ती खोडली, कारण पूर्ण खरी नाही. 'कथेतली माणसं दवाखान्यातली नाहीत' असं केलं. ते चालेल.

संध्याकाळी नेपानगर, मिल कॉलनीच्या हॉलमध्ये कथावाचन. निवेदकाने माझा कागद उघडलाच नाही. "ताईंच्या कथा म्हणजे त्यांच्या रोजच्या केसेस! एकदम रिअल!" टाळ्या. मी माइक धरून उभी. तिथेच अडवायला हवं होतं. पण 'सगळं रचलेलं आहे' हेही खोटंच ठरलं असतं. गोष्टीचं बी एका पेशंटचं. तो घरी भलतंच कारण सांगून माझ्याकडे येतो. (याहून जास्त इथेही लिहीत नाही.) त्याची मी बाई केली. नोकरीची केळीची बाग केली. गोष्टीतली सून दर मंगळवारी राजघाटावर दिवा सोडायला जाते म्हणून सांगते आणि जाते डॉक्टरकडे. सून, मंगळवार, राजघाट, सगळं माझ्या मनचं. आपण माणूस किती छान लपवला म्हणून खूश होते.

८ जाने., गुरु.
दुपारी एक बाई आत आल्या, नंबर न लावता. केळीवाल्या पाटलांच्या घरच्या. मोबाइल माझ्या नाकापुढे धरला. त्यात मी, गोष्ट वाचताना.

"आमची सून वैशाली दर मंगळवारी राजघाटले जाते. दिवा सोडाले जाते म्हणे. कुठी जाते ते तुम्हीच सांगितलं की माइकवर."

"काकू, ती गोष्ट आहे."

"गोष्टच असन. पण ती तुमच्याकडे येते का नाही, साफ साफ सांगा."

माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, असं म्हटलं.

"मंजे येते."

"मी असं म्हटलं नाही."

"नाही येत असती तर नाही म्हटलं असतं तुम्ही. नाही म्हणाले काय पैसे लागते?"

वैशाली पाटील नावाची बाई माझ्याकडे कधी आलेली नाही. मी तिचा चेहराही पाहिलेला नाही. इथे लिहिता येतं. तोंडाने बोलता येत नाही. आज हिच्याबद्दल 'नाही' म्हटलं की उद्या दुसऱ्या कुणाची सासू येईल, तिच्यापुढे मी गप्प बसेन, आणि ते गप्प बसणंच 'हो' होईल. बरोबर आहे. पाठ आहे.

त्या जाताना म्हणाल्या, "कॉलेजात असं बोलाले शिकवते का?"

१० जाने., शनि.
घरी आत्याशी भांडण. दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. मिलच्या क्वार्टरमध्ये, तिच्या पोळ्या चालू असताना, तिनेच शिकवलं. तिच्याकडे खोडरबर नव्हता. 'चुकलं तर चुकलेलं दिसू दे.'

आज म्हणे, "पाटलांच्या त्या सुनेचा फोन काढून घेतलाय. मंगळवार बंद. नाहीच ना येत ती तुझ्याकडे?"

मी ताटं मांडायला घेतली.

"मला पण नाही सांगणार? तुला अ आ इ कोणी शिकवलं?"

"तुलाही नाही, आत्या."

"खरं तेच तर बोलायचंय! खोटं बोल म्हणते का मी? एक शब्द."

नियम समजावला. तिने ऐकून घेतला, कणीक मळत. मग म्हणाली, "तुझ्या नियमाला हार घाल आणि दे टांगून त्या सर्टिफिकेटशेजारी." रात्रीची भाजी वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही. तिच्यावर राग आहे. ती चूक नाही म्हणून जास्त आहे.

१३ जाने., मंगळ.
मॅडमना इंदूरला फोन. इस्पितळात दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली काढली. सगळं सांगितलं.

"नियम पाळलास, ठीक. गोष्ट का वाचलीस?"

"मॅडम, सगळं बदललं होतं."

"बदललंस म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी केलंस. तुमच्याकडे केळीवाल्यांच्या घरात सुना किती? मंगळवारी घाटावर जाणाऱ्या किती? हा विचार केलास?"

नाही केला. आपला माणूस ओळखू येऊ नये एवढंच बघत होते. ओळखला जाईल असा दुसरा कुणी आधीच तिथे असेल, हे सुचलंच नाही. लेखिका म्हणे.

दुपारी राजघाटावर गेले. कशाला, माहीत नाही. सात-आठ बायका होत्या. तिचा मंगळवार बंद, म्हणजे यात ती नाही, एवढंच कळत होतं. एकीने बाजूला सरकून जागा दिली. बसले नाही.

१८ जाने., रवि.
कॉलनीत हळदीकुंकू. आत्याने जबरदस्ती नेलं. तिळगूळ हातावर ठेवत एक म्हणाली, "जपून बोला गं बायांनो, हिच्या गोष्टीत जाल." सगळ्या हसल्या. मीही हसले, शी.

शेजारच्या काकू कानाशी आल्या. "पाटलांची सून रावेरला माहेरी पाठवतायत. पोरगा इथेच ठेवणार. वेडी आई नको म्हणतात. पण येत होती ना गं ती?"

तिळगूळ तसाच मुठीत घेऊन घरी. पोरगा किती वर्षांचा तेही विचारलं नाही.

ठरलं. मंगळवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगणार, आली नव्हती, कधीच नाही. नियम मोडणार. पुढे ज्या कुणाबद्दल मी 'नाही' म्हणू शकणार नाही, त्याने मला शिव्या द्याव्यात. मॅडमना सांगणार नाही. (सांगेन.)

२० जाने., मंगळ.
साडेदहाला दवाखान्यातून निघतच होते. दारात त्याच सासूबाई, मागे ती.

"ही म्हणते, चला, डॉक्टरच्या तोंडावर विचारा. आणली. आता सांगा."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ती आत शिरली, सासूच्या तोंडावर दार लावलं आणि खुर्चीत बसली. माझ्याच वयाची.

"मी येत होते म्हणे तुमच्याकडे. काय बोलत होते?"

मी समोर बसले.

"गोष्टीत तर लई बोलते मी."

"ती तुम्ही नाही," मी म्हटलं.

"मले माहीत आहे. मी दिवाबिवा बी सोडत नाही. नुसती बसते पाण्याकडे पाहत. एक तास. कोणाले ठाऊक नव्हतं. तुमाले टाळ्या भेटल्या ना?"

माफी मागितली. तिने हात झटकला. मग मी उठले. म्हटलं, आत्ता बाहेर जाऊन सांगते, या माझ्याकडे कधीच आल्या नव्हत्या.

"आता तर आली."

बसले.

"नंबर लावा माझा. किती वेळ भेटते एकाले?"

"पाऊण तास."

"मंग बसू द्या तिले बाहेर."

पाऊण तासात काय झालं ते इथे नाही. दोनदा दार वाजलं. उघडलं नाही.

शेवटी सांगितलं, आता ठरवणाऱ्या तुम्ही. आधी आला होतात की नव्हतात, आज काय बोललात, तुम्ही म्हणाल तेवढंच मी बाहेर सांगेन. रावेरचं, पोराचं, त्यावरही बोलेन, म्हणाल तर.

तिने पदर नीट केला. "पुढच्या मंगळवारी सांगते."

बाहेर सासूबाई उभ्याच होत्या. "काय? येत होती का नाही?" मी तिच्याकडे पाहिलं. ती चपला घालत होती, वर पाहिलं नाही. मी काहीच बोलले नाही. सासूबाई मला काहीतरी म्हणाल्या, ते लिहीत नाही.

पुढचा मंगळवार सत्तावीस. तिला येऊ देतील का, की तोवर रावेरला धाडतील. अकराची वेळ रिकामी ठेवली आहे.