लुर्दूचे पाय

१४ एप्रिल १९५७, झावळ्यांचा रविवार

आज पुन्हा तेच! इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या दारात, सगळ्यांदेखत एकीने विचारलंच — "गो रोजा, लुर्दू अजून चलणा नाय?" चलणा नाय, चलणा नाय! दीड वर्षाची होऊन गेली. पोरगी रांगते, बडबड तर दिवसभर — पण उभी करायला जावं तर पाय पोटाशी! मालवणातले डॉक्टर म्हणतात, थांबा. थांबतेच आहे, दुसरं काय करते? मे महिन्यात ह्यांची आगबोट मुंबईला लागणार. मागे घरी आले तेव्हा ती पाळण्यात होती. आता कडेवरच दाखवायची काय त्यांना?

मांयचा — माझ्या सासूचा — उपाय ठरलेला. ईस्टरच्या घंटा सुरू झाल्या की पोरीला भुईवर उभी करायची नि हात सोडायचा. पाय सुटतात म्हणे. "सालूचे तसेच सुटले." सालू म्हणजे आमचे हे. मी हसले. तोंडावर नव्हे.

१८ एप्रिल, गुरुवार

आजपासून ईस्टरपर्यंत इगर्जीच्या घंटा मुक्या. आता पोरं लाकडी खटखट्या वाजवत फिरतील. लुर्दू त्या आवाजाला टाळ्या पिटते!

मांयशी मात्र वाजलं. पूर्वी शनिवारी दुपारी घंटा व्हायच्या, तिथेच उपास सुटायचे. गेल्या वर्षापासून रोमचा हुकूम — मिस्सेची उपासना शनिवारी रात्री, घंटाही रात्रीच. मांयला मान्यच नाही! "पाद्रीन येळ बदलल्यान म्हणान देव बदलतलो? शनिवारी बारा म्हणजे बारा!" मी म्हटलं, "आणि घंटाच नाही झाली तर?" असं काही बघितलं तिने माझ्याकडे!

१९ एप्रिल

शुक्रवार, येशूच्या मरणाचा. पेज नि लोणचं. आज घरात मोठ्याने बोलायचं नाही — हे लुर्दूला कोण सांगणार?

२० एप्रिल, शनिवार

सकाळी इगर्ज झाडायला आम्हा बायकांची पाळी. मग बाजारहाट. घरी यायला दुपार कलली. बघते तर मांय ओटीवर, लुर्दू कडेवर, नि मांयचे डोळे लाल. "चुलीचो धूर गो." उपास सोडून मोकळीही झालेली — अंड्याची टरफलं दिसली मला!

तेव्हापासून पोरीला खाली म्हणून ठेवत नाही. पीठ भिजवायला बसली तरी पोरगी मांडीत घट्ट. मी म्हटलं, "सोडा की जरा खाली." तर म्हणे, "भुई थंड आसा." एप्रिलात! अशाने चालणार कधी माझी पोर? राग गिळला. सणासुदीला कुठे तोंड लागायचं! रात्री मांय मिस्सेला जाईल, मी लुर्दूला घेऊन घरी. घंटा वाजली की करीन हो उभी. न करून काय करते!

२१ एप्रिल, ईस्टर

फजिती! घंटा कधी वाजल्या कळलंच नाही. लुर्दूला थोपटता थोपटता माझाच डोळा लागला! सकाळी मांयला सांगायची छाती होईना. सांगितलं एकदाचं. वाटलं, आता माझा उद्धार. तर ती हसली नुसती — "असांदे गो. दमलंस."

सान्ना वाफेवर छान फुगल्या. मटणही झकास. जेवणं झाल्यावर मी भांडी घासत होते, तोच अंगणातून हाक — "रोजा, सगळा टाक नि हंय ये! बस थंय माडाखाली." राखेच्या हातांनी तशीच बसले. मांयने लुर्दूला कडेवरून उतरवलं, तोंड माझ्याकडे केलं नि हात सोडला. पोरगी डुलली. एक पाऊल टाकलं. आणखी एक. मग धावतच सुटली — धपकन माझ्या मांडीत!

मी ओरडले काय, रडले काय! राखेचे हात तिच्या नव्या झग्याला लागले — लागू देत! संध्याकाळी येईल त्याला मांय सांगत होती, "पयला पाऊल आवशीकडे टाकल्यान हां!" माझ्याकडे! आज मला दुसरं काहीएक नको.

२३ एप्रिल, मंगळवार

शेजारच्या बिबीजानकडे ईस्टरचा गोड दोदोल द्यायला गेले. लुर्दू पुढे तुरुतुरु. बिबीजान म्हणाली, "शनिवारपासून पाय फुटलेत गो तिका!" मी म्हटलं, रविवारपासून. ती दोदोल ठेवायला आत वळली. खोदून विचारलं तेव्हा बोलली. शनिवारी बारा वाजता मांयने पितळेचं ताट बडवलं, लुर्दूला उभी केली, नि पोरगी थेट बिबीजानच्या कुंपणापर्यंत चालत गेली. "तुझी सासू भुईर बसान रडली. माका म्हणता, 'रोजाक सांगा नको. पयला पाऊल आवशीन बघूचा. आमी कोणी बघूक नाय.'"

घरी येऊन मांयला काही बोलले नाही. तिचे पाय चेपत बसले, नको नको म्हणत होती तरी.