झुंबरची दाढदुखी

३ डिसेंबर
जखम! खालची कवळी डावीकडं रुतलीय. मिरजेच्या डॉक्टरीणबाई चिडल्याच — "रात्री काढून पाण्यात ठेवायला सांगितलेलं ना? हिरड्यांना विसावा नको?" मान हलवली. काय सांगू? तोंडात स्वतःचा एक दात नाही, दोन वर्षं झाली, आणि घरात कुणाला पत्ता नाही! तंबाखूचा मावा आणि रक्तातली साखर, दोघांनी मिळून बत्तीसच्या बत्तीस खाल्ले. घरी सांगितलं, हलणारे दोन काढले. बाकीचं दूध संस्थेच्या प्रशिक्षणाच्या नावाखाली मिरजेत उरकलं. बायकोला, झुंबरलाही बोललो नाही. पस्तीस वर्षांचा संसार, आणि तिच्याशेजारी कवळी घालून झोपतो. माझीच मला लाज वाटते.

६ डिसेंबर
गुंडूनं, लहानपणच्या दोस्तानं, चौकात सोड्याची बाटली पुढं केली. "हंबीरदा, उघड की दातानं! अख्ख्या गडमुडशिंगीत असला जबडा न्हाय." एके काळी पैजेवर दहा उघडल्यात. "डॉक्टरनं सोडा बंद केलाय," म्हणालो आणि सटकलो.

१० डिसेंबर
मटण. एकदम लोण्यासारखं. सूनबाई, संयोगिता, कुरकुरली — "आत्या, चोथा झाला की ह्याचा!" झुंबर म्हणाली, "माझी दाढ ठणकतीया गं. घट्ट चावत न्हाय मला." दोन वर्षं तिची दाढ दुखते. भाकरी दुधात कुस्करून, शेंगदाणे कुटून. माझं आयतंच फावतं. वर मीच तोंड करून म्हणालो, "तुझ्या सासूचे दात गेले कामातनं. म्हातारी झाली!" ती हसली.
तिला एकदाही दवाखान्यात नेलं नाही मी. स्वतःसाठी मात्र मिरजेच्या वीस फेऱ्या.

१४ डिसेंबर
पोरगा, उदयसिंह, माझी साठी करतोय. एकवीस तारखेला. आईबापाचं पुन्हा लग्न लावायचं म्हणे — अंतरपाट, हार, हलगी... आणि विडा! संयोगिताला भारी हौस. "मामा, तुम्ही दातात विडा धरायचा, आत्यांनी दातानं तोडायचा. व्हिडिओ काढणार मी!" नाही कसं म्हणू? ओढला की कवळीच बाहेर. दोनशे पावण्यांपुढं!

१७ डिसेंबर
मोरीला कडी लावून सराव केला. विड्याला दोरा बांधला, दातात धरला, ओढला. वरची कवळी सटकून बादलीत! आरशात बघितलं. गाल आत, हनुवटी नाकाला लागलेली. बाहेरनं झुंबर — "अहो, काय पडलं?"
"शाबन!"
तेवढा एक शब्दही धड निघाला नाही. तोंड दाबून बसून राहिलो.

२१ डिसेंबर
झालं एकदाचं. विडा दातात धरला. झुंबर पुढं आली, तोंड जवळ आणलं — आणि गालाला हात लावून मागं सरली. "न्हाय बाई जमायचं. दाढ लई ठणकतीया." हशा! गुंडू ओरडला, "वैनी बोळकी झाल्या की वो!" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं! सुटलो म्हणून हसलो. ती मान खाली घालून उभी होती. थू माझ्या जिण्यावर.

२२ डिसेंबर
उद्या तिला मिरजेला नेणार. डॉक्टरीणबाई मला ओळखतील, बिंग फुटेल. फुटू दे.

२३ डिसेंबर
गाडी गाठायची म्हणून संस्थेतनं लवकर घरी आलो. झुंबर मागं परड्यात पाठमोरी बसलेली. हातात उसाचं कांडं. दातानं सोललं, कडकन पेर मोडलं, करकरा चावलं. पुन्हा मोडलं.
चाहूल लागली तशी वळली. चिपाडं पदराखाली सारली आणि गालाला हात लावला. "लई ठणकाय लागलंय बघा."
मी तिथंच, उन्हात, कवळी काढून हातावर घेतली.