रिसोडात फिल्म न्वार

२ फेब्रुवारी १९७५, रिसोड
आजपासून रोजनिशी नियमित. वाचनालयात माझं व्याख्यान ठरलं: ‘फिल्म न्वार – अर्थ आणि उगम’. गावात हा शब्द माहीत असलेला मी एकटाच. भागिरथा माहेरी, इंझोरीला आहे. बाळंतपणात बाळ गेलं, मुलगी होती, तेव्हापासून बायकोला विश्रांती हवीच होती. मलाही शांतता मिळाली.

५ फेब्रुवारी
नोट्स जोरात. न्वार म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. युद्धामुळे अडकलेले अमेरिकन गुन्हेपट नंतर पॅरिसला एकदम पोचले. अंधाऱ्या गल्ल्या, फसलेला पुरुष, फसवणारी बाई. तिथल्या समीक्षकांनी १९४६ साली त्यांना हे नाव दिलं. बनवणाऱ्यांना मात्र आपण न्वार बनवतोय याचा पत्ताच नव्हता.
वाचनालयाच्या मदनसिंगांनी विचारलं, काळा सिनेमा म्हणजे ब्लॅकच्या तिकिटाचा काय. तासभर समजावलं. फळ्यावर त्यांनी लिहिलं: ‘सिनेमातला काळाबाजार’. उद्या दुरुस्त करवून घेणे.

९ फेब्रुवारी
मेहुणा देवमन जीप घेऊन आला. भागिरथाची ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन गेला. ताईले लागते म्हणे. म्हणजे तिचं मन रमतंय, चांगलं लक्षण. जाताना त्यानं विचारलं, दाजी, तुमी एकडावबी काहून आले नाही. म्हटलं, व्याख्यान आहे ना. त्यानं जीप सुरू केली. प्रभावित झाला असावा.

१६ फेब्रुवारी
व्याख्यान झालं. फळा तसाच राहिला होता. थोडे लोक आले. पडदा कुठं आहे विचारून बरेचसे उठले. भागिरथासाठी पुढची खुर्ची ठेवली होती. बस चुकली असेल. उद्या स्वतः जाऊन तिला ऐकवतो, आणि घेऊनच येतो.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
इंझोरी. भागिरथा अंगणात तूर पाखडत होती. मी सगळं सांगितलं, पॅरिससकट. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, त्या सिनेमाइचं नाव कोनं ठेवलं, कधी ठेवलं, सारं तुमाले ठाऊक हाय. आपल्या पोरीचं काय ठेवनार होते?
खरं म्हणजे मी ठरवलंच नव्हतं.
ती म्हणाली, म्या ठेवलं. आता तुमी इथं येऊ नका. आवाज चढवला नाही. चहा दिला, सूप घेऊन आत गेली.
काय ठेवलं, हे विचारायचं मला बस सुटल्यावर सुचलं.