सेगावांच्या पाठीचं काम

३ ऑक्टोबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठे कलावंत आपली प्रोसेस लिहून ठेवतात. मी ठेवली नाही, म्हणूनच अजून सेन्जू स्टेशनच्या मागे कॉइन लाँड्रीच्या माडीवर पडलोय. बावीस वर्षं माणसांच्या अंगावर गोंदतोय, आणि हल्ली लोक काय मागतात? कुत्र्याचा पंजा. मांजराचं नाव. बास झालं. यापुढे पाठीपेक्षा लहान काम घ्यायचं नाही.

३ ऑक्टोबर, दुपार
मांजराचं नाव घेतलं. बाई फार लांबून आली होती.

५ ऑक्टोबर
पाठ आपल्या पायांनी चालत आली. सेगावा. वय चौसष्ट. उभा जन्म इमारतींना परांच्या बांधण्यात गेला, आता रिटायर. दोन्ही दंडांवर लाटा आणि मासे, जुन्या हातचं काम. पाठ मात्र कोरी. कारण लग्नात बायकोने बजावलं होतं, दंड तुझे, पाठ माझी. तिथे मी सांगेन तेव्हा आणि सांगेन तेच काढायचं. चाळीस वर्षं तिने काही सांगितलं नाही. आता ती, किनुएबाई, हॉस्पिटलात आहे. बारा नोव्हेंबरला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, फिफ्टी-फिफ्टी. तर परवा तिने सांगितलं: मला काढ.

फोटो आणलाय. नदीवर आतषबाजी बघायला निघालेली तेवीस वर्षांची मुलगी. अंगात गारवेलीच्या फुलांचा युकाता, उन्हाळ्यातला सुती किमोनो, हातात पंखा, आणि फोटो काढणाऱ्यावर भयंकर वैतागलेली.

सेगावा म्हणाले, "नुसत्या रेघा झाल्या तरी चालेल, मास्तर. पण आत नेण्याआधी तिने बघायला हवं. आपण कुठेतरी राहणार आहोत, एवढं तिला दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, आठवड्यात डिझाइन. सहज होईल.

८ ऑक्टोबर
फोटो जसाच्या तसा उतरवायचा तर झेरॉक्सवाल्याकडे जावं. क्लायंटला काय हवंय हे क्लायंटला कळत नसतं. मला कळतं. किनुएबाई म्हणजे अप्सरा. ढगांवर उभी, पायाशी ड्रॅगन. ड्रॅगनपासून सुरुवात केली.

१२ ऑक्टोबर
आठवडा झाला. ड्रॅगनच्या नखांपर्यंत आलोय. नखं जमेनात, म्हणून प्राणिसंग्रहालयात जाऊन घारीचा अभ्यास केला. घार पाय पोटाखाली घेऊन झोपली होती. दोन तास थांबलो. उद्या परत.

१३ ऑक्टोबर
सोमवार. प्राणिसंग्रहालय बंद.

१६ ऑक्टोबर
सेगावांना ड्रॅगन दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, यात किनुए कुठली? बोट ठेवून दाखवली. म्हणाले, ती अशी उडणारी नव्हती हो, तिला तर शिडीवर चढलं तरी गरगरतं. नुसती ती काढा, फोटोतल्यासारखी, वैतागलेली.

कला मागे पडते ती अशी. पण एक गोष्ट मी त्यांना ठणकावून सांगितली. गारवेल उन्हाळ्यातली, म्हणजे भोवती पाणी हवं, वारा हवा. शरदातल्या मेपलचं एक पान जरी चुकून पडलं तरी जाणकार हसतील. बाकीचे करतात असल्या चुका. माझ्या हातून रीतीभातीची एक चूक दाखवून द्यावी कुणी. सेगावा म्हणाले, बरं.

२१ ऑक्टोबर
वाट पाहणं हाही प्रोसेसचा भाग आहे. आज दिवसभर प्रोसेस केली.

२४ ऑक्टोबर
सेगावांचा फोन. उचलला नाही, कामात होतो. सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली.

२६ ऑक्टोबर
झालं. एका बैठकीत. मी म्हणत होतोच.

फोटो ट्रेस केला. म्हटलं तर झेरॉक्सच, पण खरी करामत पुढे आहे. फोटोत बाई उजवीकडे बघते. पाठीवर तशीच घेतली तर नवऱ्याच्या हृदयाकडे पाठ करून उभी राहिली असती. मग काय केलं, ट्रेसिंग पेपर सरळ उलटा घातला. बाईने मान वळवली. आता ती थेट हृदयाकडे बघते. एवढ्याशा गोष्टीत बावीस वर्षांचा अनुभव असतो. कुणाला सुचलं नसतं.

२८ ऑक्टोबर
पहिली बैठक. पाटीवर 'हाताने गोंदणार' लिहिलंय, पण वेळ कमी, म्हणून मशीन. सेगावा पालथे पडून किनुएबाईंबद्दल बोलत होते. हॉस्पिटलच्या पेजेला ती नावं ठेवते. नर्सला टॉवेलची घडी घालायला शिकवते. घरी तुळशीएवढं एक मिरचीचं रोप आहे, त्याला पाणी घातलं का, म्हणून रोज फोन करते. मी भुवया काढत होतो. वैताग छान उतरलाय.

३१ ऑक्टोबर
रेघा पूर्ण. सेगावांना आरशासमोर उभं केलं. मान मोडेस्तोवर वळून बघत राहिले. आरशात ती हुबेहूब फोटोतल्यासारखी दिसत होती.

"तीच आहे," म्हणाले, आणि रडायला लागले. मीही रडलो. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. ड्रॅगन नव्हता तरी.

२ नोव्हेंबर
पाठीचा फोटो इंटरनेटवर टाकला. दोनशे चौदा लोकांना आवडला. गुरुजींकडे माझ्यासोबत शिकलेला काजीई, ज्याचं आता योकोहामात तीन खुर्च्यांचं दुकान आहे, त्याने खाली लिहिलं, फार वाईट वाटलं, कधी गेल्या? मी लिहिलं, बाई धडधाकट जिवंत आहेत, बाराला ऑपरेशन आहे, माहीत नसताना तोंड उघडू नये. त्याने उत्तर दिलं, मग युकात्याचा गळा एकदा नीट बघ.

जळतो, दुसरं काय. गुरुजींच्या वेळेपासून जळतो. त्याचं लिहिलेलं काढून टाकलं.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
बघितला.

उजवी बाजू वर आहे.

जिवंत माणूस युकाता गुंडाळताना डावी बाजू वर घेतो. बालवाडीतल्या पोरालाही आई हेच सांगते. उजवी वर येते ती एकदाच, मेल्यावर, शवपेटीत ठेवण्याआधी, आणि तेव्हा नेसवणारे दुसरे असतात. पेपर उलटा केला तेव्हा बाईच्या मानेबरोबर तिचा गळाही उलटला. आणि आरशात पुन्हा सुलटा झाला, म्हणून त्या दिवशी दोघांनाही चूक दिसली नाही.

मी चार दिवस भुवयाच बघत होतो.

३ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. एक, सेगावांना स्वतःची पाठ दिसत नाही. दोन, आरशात बरोबरच दिसतं. तीन, बायको नवऱ्याच्या पाठीवर आपला चेहरा बघेल, कपडे कशाला बघेल? चार, गळ्यावर एक मोठं फूल बसवलं की प्रश्नच मिटला.

चौथं जमणार नाही. कातडी भरून यायला दोन आठवडे. ऑपरेशनला नऊ दिवस.

ठरलं. उद्या फोन करून सरळ सांगायचं. चूक कबूल करायला मोठं मन लागतं आणि ते माझ्याकडे आहे.

५ नोव्हेंबर
फोन केला. सेगावा इतके खूश होते की मला बोलूच देईनात. रात्रभर पालथे झोपतात. नर्सने परवानगी दिलीय, अकराला दुपारी पडदा ओढून घ्या आणि शर्ट काढा. किनुएबाई रोज विचारते, नाक नीट काढलंय ना? मी विचारलं, खाज येते का. म्हणाले, थोडी. म्हटलं, मलम लावा. बोलणं झालं. मुद्दा राहिला.

७ नोव्हेंबर
पत्र लिहायला घेतलं. चार वेळा लिहिलं. चौथ्यात अक्षर फारच छान आलं, पण त्यात चूक कुठे आहे ते लिहायचं राहून गेलं. फाडलं.

९ नोव्हेंबर
सुचलं. आरसा! हातात धरायचा गोल आरसा विकत आणला. सेगावांना द्यायचा आणि सांगायचं, खिडकीचा उजेड वाईट पडतो, त्यांना आरशातूनच दाखवा. साधी गोष्ट. उगाच आठ दिवस जीव जाळला.

११ नोव्हेंबर
आरसा घेऊन हॉस्पिटलात गेलो. भेटायची वेळ दोन ते पाच. पावणेदोनला खाली बाकावर बसलो. सेगावा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि माझ्या समोरून लिफ्टकडे गेले. हाक मारणार होतो. लिफ्टमध्ये एक आजारी मूल होतं, अशा वेळी ओरडणं बरं दिसत नाही. पुढच्या लिफ्टने जायचं ठरवलं. मग त्याच्या पुढच्या. पाव खाल्ला. साडेतीनला घरी आलो.

चेहराच बघितला असणार.

१४ नोव्हेंबर
फोन नाही. सगळं ठीक असतं तेव्हा माणसं फोन करत नाहीत.

१८ नोव्हेंबर
फोन नाही. मी केला नाही. लोक गडबडीत असतात.

२५ नोव्हेंबर
सकाळी सेगावा आले. काळा सूट. जिन्यातच कळलं मला.

बसले. अकराला काय झालं ते सांगितलं. पडदा ओढला, शर्ट काढला. किनुएबाईने चष्मा मागून घेतला. मग पाठीवरून, गळ्यापाशी, बोट फिरवलं आणि म्हणाली, "बरं झालं. नेसवायचा तुझा त्रास वाचला." आणि हसली. सेगावांना वाटलं, नेहमीसारखी टोमणा मारते आहे. तेही हसले. अर्थ कळला तो बाराला संध्याकाळी, हॉस्पिटलच्या तळघरात, तिला नेसवताना, उजवी बाजू वर घेताना.

ती ऑपरेशनमधून उठली नाही.

मी गुडघ्यांवर बसलो, कपाळ चटईला टेकवलं. म्हटलं, शिव्या द्या, मारा. गळ्यावर मोठं फूल काढून देतो, कुणाला कळणारसुद्धा नाही, आता कातडीही भरून आली असेल.

सेगावांनी कोट काढला. शर्ट काढला. घडी करून ठेवला आणि पालथे पडले.

"काही झाकू नका," म्हणाले. "आता बरोबर आहे ते. रंग भरा."

निळा कालवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा क्लायंटने माझ्या डिझाइनमध्ये एकही बदल सांगितला नाही.