रोसेंदाची पेटी

माझ्या नारळांच्या मुळांशी परत खड्डा खणलाय. खणणारे होडीत बसून गेले, डास माझ्यासाठी ठेवून गेले. आता पुरे झालं.

मी तेपेवा, राहणार हीतितेआ बेट. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कुणाच्या दमदाटीशिवाय, प्रार्थनाघरात शिकले तेवढ्या अक्षरांत हे लिहिते.

घर, खोबरं वाळवायचा मांडव आणि खवणी मुलगी तेहेआला. होडी पुतण्या पुनुआला. ती गळते, त्यानेच आपटली आहे. नणंद तुरियाने नेलेलं लोखंडी पातेलं तिच्याकडेच राहू दे. मागून मागून थकले.

आता वाऱ्याकडची जमीन. मुलगा पेतेरो ती पपीते शहरातून येणाऱ्या या खणणाऱ्यांना भाड्याने देणार म्हणतो. दोन स्पॅनिश कप्तानांनी माणसं मारून चर्चचं सोनं तिथे पुरलं, असं त्यांच्या नकाशात आहे म्हणे.

कप्तान कुठले! एक एवारिस्तो, चिलीचा सुतार. त्याला कोंबडी कापायलाही बायको लागायची. दुसरा मोदेस्तो, जहाजावरचा म्हातारा आचारी. जहाज खडकावर फुटलं, त्यातून हे दोघे वाचले, आणि एवारिस्तोची आईविना पोर रोसेंदा. पोर तापाने गेली. आमच्यात मेलेल्याला चटईत गुंडाळतात. या वाळूवर फळ्या कुठल्या? एवारिस्तोने फुटक्या जहाजाच्या फळ्यांची पेटी केली. माणूस पेटीत घालतात हे इथे कुणी पाहिलंच नव्हतं. पुढे शिंपले न्यायला जहाज आलं, तेव्हा आमच्याच लोकांनी सांगितलं, "त्या दाढीवाल्याने पेटी पुरलीय, रोज तिच्यापाशी बसून रडतो." ऐकणाऱ्याने पेटीत सोनं असणार असं धरलं. बाकीचं पपीतेच्या दारूच्या दुकानांत वाढलं.

एवारिस्तो इथेच राहिला, इथलीच बायको केली. त्यांची मुलगी माझी आजी. माझी वेणी घालताना तिने हे सांगितलं.

पेतेरोलाही मी सांगितलं. तो म्हणाला, "आई, एकदा उघडून बघायला काय जातं?"

"अरे मेल्या, पणजी लागते ती तुझी. पणजीला उकरून बघतोस?"

"चार वर्षांची पणजी?" म्हणून हसला. मग मान खाली घातली. तेवढ्यावरून त्याला अजून माणसांत धरते.

म्हणून ती जमीन दोघा भावंडांच्या नावे. विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. मला तिथेच, रोसेंदाच्या शेजारी, चटईत पुरा. दगडावर तिचं नाव आधी घाला, माझं जागा उरली तर.

सही: तेपेवा
साक्षीदार: माताइओ, प्रार्थना सांगणारा; चोंग फा, दुकानदार (वाचून हसला, तरी सही केली)
हीतितेआ, १२ ऑगस्ट १९६४

सह्या झाल्यावर लिहिलेलं, पण याच मृत्युपत्रात धरावं: माझ्यामागे कुणी नकाशा घेऊन आलं तर तेहेआने पुढे व्हायचं नाही, ती गोड बोलून जेवायला बसवते. उत्तर पेतेरोनेच द्यायचं, कबरीपाशी उभं राहून, पोरीचं नाव घेऊन.